वसंतातील साप्ताहिक हवामान अंदाज : किडीच्या दृष्टीने कसा वाचावा

फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चअखेरपर्यंतचा काळ उत्तर व मध्य भारतातील रब्बी पिकांसाठी निर्णायक असतो. मोहरीच्या शेंगा भरत असतात, गहू ओंबीवर आलेला असतो, हरभऱ्याला घाटे लागलेले असतात आणि आंब्याचा मोहोर उमललेला असतो. याच सहा आठवड्यांत हवामान सर्वाधिक अस्थिर होते. एका सप्ताहात कमाल तापमान २० अंश सेल्सिअसवर राहते, तर पुढच्याच सप्ताहात ते ३० अंशांच्या पुढे जाते. हवामान सल्ला पत्रिका शेतकऱ्यापर्यंत नियमित पोहोचते. तथापि ती बहुधा एकाच प्रश्नासाठी वाचली जाते : पाऊस पडणार की नाही? कीड व्यवस्थापनाच्या दृष्टीने हा प्रश्न अपुरा आहे. त्याच पत्रिकेतील तापमान, ढगांचे आच्छादन आणि वाऱ्याचा वेग हे आकडे येत्या आठवड्यात शेतात काय घडणार याविषयी पावसाच्या आकड्याहून अधिक सांगतात.

याचे कारण किडीच्या आयुष्यक्रमात आहे. वसंतातील अनुकूल तापमानात माव्याची एक पिढी साधारणपणे सात ते दहा दिवसांत पूर्ण होते. पाच ते सात दिवसांचा अंदाज म्हणजे व्यवहारात माव्याच्या एका पिढीचा अंदाज होय. ही पिढी वाढणार, रेंगाळणार की कोसळणार, हे त्या आठवड्याचे हवामान बऱ्याच अंशी ठरवते आणि त्यावरच फवारणी करावी की थांबावे, हा निर्णय अवलंबून असतो.

अंदाजातील शब्दांचा नेमका अर्थ

भारतीय हवामानशास्त्र विभागाच्या ग्रामीण कृषी मौसम सेवेअंतर्गत दर मंगळवारी व शुक्रवारी कृषी हवामान सल्ला पत्रिका प्रसिद्ध होते. तीत पुढील पाच दिवसांचा पाऊस, कमाल व किमान तापमान, सापेक्ष आर्द्रता, वाऱ्याचा वेग व दिशा आणि ढगांचे आच्छादन यांचे आकडे दिलेले असतात. हीच माहिती ‘मेघदूत’ या भ्रमणध्वनी ॲपवर मराठीसह अनेक भारतीय भाषांत उपलब्ध आहे. याशिवाय दर गुरुवारी पुढील चार आठवड्यांचा विस्तारित अंदाज दिला जातो. तो विभागवार व ढोबळ असतो; शेतातील फवारणीचा दिवस त्यावरून ठरवू नये.

पावसाच्या अंदाजातील काही शब्द नेहमीच्या बोलण्यातले वाटतात, परंतु त्यांना ठरावीक अर्थ आहे. ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे त्या विभागातील २५ टक्क्यांपर्यंत केंद्रांवर पाऊस. ‘काही ठिकाणी’ म्हणजे २६ ते ५० टक्के, ‘बऱ्याच ठिकाणी’ म्हणजे ५१ ते ७५ टक्के आणि ‘बहुतांश ठिकाणी’ म्हणजे त्याहून अधिक केंद्रांवर. हे शब्द पावसाचे क्षेत्र दर्शवतात, जोर नव्हे. ‘तुरळक ठिकाणी’ पडलेला पाऊस एखाद्या गावात पीक आडवे करू शकतो आणि ‘बहुतांश ठिकाणी’ पडलेला पाऊस पाने ओली करण्यापलीकडे काही न करता जाऊ शकतो. जोरासाठी मिलिमीटरचा आकडा पाहावा. २.५ ते १५.५ मिलिमीटर हा ‘हलका’ पाऊस गणला जातो. माव्याच्या दृष्टीने या एका वर्गातच मोठा फरक दडलेला आहे. तीन मिलिमीटरच्या भुरभुरीने मावा हलत नाही, उलट आर्द्रता वाढून त्याला मानवते. परंतु पंधरा मिलिमीटरची जोरदार सर मोहरीच्या शेंड्यावरील बिनपंखी मावा मोठ्या प्रमाणात धुऊन खाली पाडते आणि जमिनीवर पडलेल्या माव्यापैकी थोडाच पुन्हा शेंड्यापर्यंत पोहोचतो.

सर्व आकडे सारखेच भरवशाचे नसतात, हेही ध्यानात घ्यावे. तापमानाचा अंदाज पावसाच्या अंदाजापेक्षा अधिक विश्वसनीय असतो. पहिल्या तीन दिवसांचा अंदाज चौथ्या-पाचव्या दिवसापेक्षा अधिक खात्रीचा असतो. गारपीट कोणत्या गावात होईल हे आठवडाभर आधी सांगता येत नाही. त्या दिवशी रडारच्या आधारे दोन-तीन तासांपुरता दिला जाणारा तात्कालिक अंदाजच तेथे उपयोगी पडतो. सुदैवाने किडीच्या वाढीचा हिशोब मुख्यतः तापमानावर चालतो, म्हणजे अंदाजातील सर्वांत भक्कम भागावर.

पश्चिमी विक्षोभ : आठवड्याचा ताल

वायव्य भारतातील वसंताचा आठवडा समजून घ्यायचा तर पश्चिमी विक्षोभाची चाल ठाऊक असणे आवश्यक आहे. भूमध्य समुद्राच्या परिसरात उगम पावणाऱ्या या प्रणाली वरच्या थरातील पश्चिमी वाऱ्यांबरोबर पूर्वेकडे सरकत इराण, अफगाणिस्तान व पाकिस्तानमार्गे हिमालयाच्या पश्चिम भागात पोहोचतात. हवामान विभागाच्या पत्रकात ‘समुद्रसपाटीपासून ५.८ किलोमीटर उंचीवरील वाऱ्यांमधील द्रोणी’ असा जो उल्लेख वारंवार येतो, तो यांचाच. हिवाळ्याच्या ऐन महिन्यांत अशा सरासरी चार ते सहा प्रणाली दरमहा येतात. म्हणजे साधारण दर पाच-सात दिवसांनी एक. मार्चमध्येही त्या थांबत नाहीत. मात्र तोपर्यंत जमीन तापलेली असल्याने त्यांच्या प्रभावाखाली गडगडाट, वादळी वारे व गारपीट यांचे प्रमाण वाढते.

विक्षोभ येण्याच्या एक-दोन दिवस आधी पंजाब, हरियाणा, उत्तर राजस्थान व पश्चिम उत्तर प्रदेशात वारा दक्षिणेकडून वा आग्नेयेकडून वाहू लागतो, आभाळ भरते आणि रात्रीचे तापमान चढते. त्यानंतर पाऊस. प्रणाली पुढे सरकली की कोरडे, गार वायव्य वारे सुटतात, आकाश निरभ्र होते आणि किमान तापमान काही अंशांनी उतरते. दोन-तीन दिवसांनी पारा पुन्हा चढू लागतो. ढग, पाऊस, गारवा आणि ऊब हे चक्र ज्याला ओळखता येते, त्याला पत्रिकेतील पाच ओळी सुट्या आकड्यांसारख्या न वाटता एका घटनेचे टप्पे म्हणून वाचता येतात.

आभाळ आले की कीड येते?

‘आभाळ आले, आता मावा येणार’ हे वाक्य मराठवाड्यापासून माळव्यापर्यंत कोणत्याही शेतशिवारात ऐकू येते. या अनुभवात तथ्य आहे, पण त्याची कारणमीमांसा बहुधा चुकीची केली जाते. ढग कीड आणत नाहीत. निरभ्र रात्री जमिनीची उष्णता वर निघून जाते आणि पहाटे पारा उतरतो. ढगाळ रात्री ती अडवली जाते आणि किमान तापमान चढे राहते. परिणामी किडीची वाढ रात्रीही चालू राहते. दिवस थोडा गार असला तरी चोवीस तासांची एकूण ऊब वाढलेली असते.

हे आकड्यांत पाहणे उद्बोधक ठरेल. कीटक आपले शरीरतापमान स्वतः राखू शकत नाही. एका किमान तापमानाच्या वर त्याला जेवढी ऊब मिळते, तेवढी त्याची वाढ होते. दिवसाच्या कमाल व किमान तापमानाची सरासरी काढून त्यातून हे किमान वाढतापमान वजा केले की त्या दिवसाचे ‘अंश-दिवस’ मिळतात. प्रत्येक किडीचे वाढतापमान निराळे असते. येथे उदाहरणाच्या सोयीसाठी ते ५ अंश धरले आहे, आणि पुढील तापमानेही समजावून सांगण्यासाठी घेतलेली आहेत.

समजा, भरतपूर परिसरासाठी फेब्रुवारीच्या मध्यातील मंगळवारच्या पत्रिकेत पुढील अंदाज आहे : पहिल्या दिवशी कमाल २४, किमान ९, आकाश निरभ्र, दुसऱ्या दिवशी कमाल २५, किमान १२, ढगाळ, तिसऱ्या दिवशी कमाल २२, किमान १४ व ६ मिलिमीटर पाऊस, चौथ्या दिवशी कमाल २०, किमान ११, पाचव्या दिवशी कमाल २०, किमान ७ व ताशी १८ किलोमीटर वेगाचे वायव्य वारे. अंश-दिवस काढल्यास ते अनुक्रमे ११.५, १३.५, १३, १०.५ व ८.५ येतात. येथे तिसरा दिवस लक्षपूर्वक पाहावा. ऊन नाही, कमाल तापमान पहिल्या दिवसापेक्षा दोन अंशांनी कमी; तरीही किडीला मिळालेली ऊब पहिल्या दिवसापेक्षा अधिक आहे. ती दिली किमान तापमानाने. शेतकऱ्याचे लक्ष दुपारच्या उन्हाकडे असते. वसंतात ते पहाटेच्या आकड्याकडे वळवण्याची गरज आहे.

सहाव्या व सातव्या दिवशी हळूहळू ऊब परतेल असे गृहीत धरून अनुक्रमे ९.५ व ११ अंश-दिवस धरले, तर आठवड्याची बेरीज ७७.५ होते. याच्या तुलनेत विक्षोभ न आलेला, सातही दिवस कमाल २९ व किमान १२ राहिलेला आठवडा १०८.५ अंश-दिवस देतो. एका पिढीला ११० अंश-दिवस लागतात असे मानले, तर पहिल्या आठवड्याच्या गतीने ती सुमारे दहा दिवसांत आणि दुसऱ्याच्या गतीने सात दिवसांत पूर्ण होईल. तीन दिवसांचा हा फरक किरकोळ वाटतो. मात्र मोहरीवरील मावा नराशिवायच प्रजनन करतो. मादी अंडी न घालता थेट पिले देते, आणि जन्मलेल्या पिलाच्या शरीरात पुढच्या पिढीचे गर्भ आधीच वाढू लागलेले असतात. ज्या किडीची संख्या अशा रीतीने गुणाकाराने वाढते, तिच्या बाबतीत तीन दिवस म्हणजे शेंड्यावर वीस मावा आणि शेंडा पूर्ण झाकलेला, यांतील अंतर असू शकते.

या हिशोबाला वरची मर्यादाही आहे. कमाल तापमान तिशीच्या पुढे टिकू लागले की मोहरीवरील व गव्हावरील माव्याचे प्रजनन मंदावते, आयुष्य घटते आणि गर्दी झालेल्या वसाहतीतून पंखधारी मावा पीक सोडून जाऊ लागतो. तेव्हा ऊब वाढली म्हणजे कीड वाढली, हा नियम एका टप्प्यापर्यंतच खरा आहे.

एकच अंदाज, दोन शेते

आता वरील पत्रिका घेऊन त्याच गावातील दोन मोहरीच्या शेतांत जाऊ. पहिल्या शेतातील पेरणी ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात झालेली आहे. फुले संपली असून शेंगा भरलेल्या आहेत. दुसऱ्या शेताची पेरणी नोव्हेंबरात लांबली असून ते अद्याप फुलावर आहे. दोन्हीकडे मावा दिसतो. दोन्हीकडे हवामान एकच. परंतु निर्णय एक असू शकत नाही.

पहिल्या शेतात माव्याला कोवळा शेंडा उरलेला नाही. पुढची पिढी जन्मेपर्यंत शेंगा टणक होऊ लागतील आणि मार्चची ऊब जवळ आलेली असेल. येथे फवारणीचा खर्च वसूल होण्याची शक्यता फारच थोडी असते. दुसऱ्या शेतात मात्र फूल, कोवळी शेंग आणि माव्याची वाढती पिढी एकाच वेळी एकत्र आलेली आहेत. तेथे पंजाब कृषी विद्यापीठाची शिफारस प्रमाण मानावी : मुख्य शेंड्याच्या वरच्या १० सेंटिमीटर भागावर ५० ते ६० मावा, किंवा ४० ते ५० टक्के झाडांवर प्रादुर्भाव, ही आर्थिक नुकसानीची पातळी होय. समजा मंगळवारी मोजणीत शेंड्यावर सरासरी ३० मावा आढळला. अंदाजात तिसऱ्या दिवशी सहा मिलिमीटर पाऊस आहे. पावसाआधी घाईने केलेली फवारणी धुऊन जाण्याचा धोका असतो. पावसानंतरच्या पाचव्या दिवशी ताशी १८ किलोमीटरचा वारा द्रावण शेजारच्या शेतात नेईल. त्यामुळे पाऊस होऊ द्यावा, सहाव्या दिवशी पुन्हा मोजणी करावी आणि पातळी ओलांडलेली असेल, तरच वारा मंदावल्यावर फवारावे. याउलट पहिल्याच मोजणीत ७० मावा आढळला असता, तर पहिला निरभ्र दिवस वाया घालवणे महागात पडले असते. तेव्हा लगेच, त्याच दुपारनंतर फवारणी करणे इष्ट.

दुपारनंतरच, यालाही कारण आहे. फुलावरील मोहरीत सकाळपासून दुपारपर्यंत मधमाशांची वर्दळ असते. ऊबदार, शांत, निरभ्र दिवस फवारणीला जितका सोयीचा, तितकाच तो मधमाशांच्या कामाचा. पत्रिकेत जो दिवस फवारणीसाठी उत्तम दिसतो, त्याच दिवशी मधमाशा सर्वाधिक संख्येने शेतात असतात. राजस्थान व हरियाणातील मोहरीच्या पट्ट्यात फिरत्या मधपेट्या मोठ्या प्रमाणावर येतात. अशा ठिकाणी विस्तार कार्यकर्त्याने फवारणीचा दिवस मधपाळांना आदल्या संध्याकाळी कळवण्याची व्यवस्था केली, तर बरेच नुकसान टळते.

वाऱ्याविषयी एक तांत्रिक बाब. पत्रिकेतील वाऱ्याचा वेग जमिनीपासून १० मीटर उंचीवरचा मानला जातो; पिकाच्या उंचीवर तो कमी असतो. त्यामुळे ताशी १२ किलोमीटरचा अंदाज पाहून काम सोडण्याचे कारण नाही. उलट अगदी निर्वात पहाटही योग्य नसते. जमिनीलगत गार हवेचा थर साचलेला असताना बारीक थेंब खाली न बसता तरंगत राहतात आणि भलतीकडे जातात.

गहू : मित्रकीटकांना वेळ मिळतो का?

गव्हावरील माव्याबाबत प्रति ओंबी सरासरी ५ मावा ही पातळी पंजाबात शिफारस केलेली आहे. प्रादुर्भाव बहुधा बांधालगतच्या ओळींत सुरू होतो. वेळीच लक्षात आल्यास तेवढा पट्टा फवारून भागते. तथापि गव्हात अंदाज वाचताना एक अधिकचा प्रश्न विचारावा लागतो : या आठवड्यात ढालकिडे जागे होणार आहेत का?

सात ठिपक्यांचा ढालकिडा, सिरफिड माशीची अळी आणि माव्याच्या शरीरात अंडी घालणारे सूक्ष्म परोपजीवी कीटक यांची हालचाल थंडीत मंद असते. मावा त्यांच्या तुलनेत कमी तापमानातही वाढतो. फेब्रुवारीतील गार, ढगाळ आठवडे म्हणूनच माव्याच्या पथ्यावर पडतात : त्याची वाढ चालू असते आणि भक्षक सुस्त असतो. निरभ्र आकाश व चढते तापमान सुरू झाले की पारडे फिरते. ढालकिड्याची अळी दिवसाला कित्येक मावा फस्त करू लागते. तपकिरी, फुगलेले, निर्जीव मावा ओंबीवर दिसू लागतात. हे परोपजीवी कीटकांचे काम होय. अंदाजात पुढील पाच दिवस कमाल तापमान २६ वरून ३१ पर्यंत चढणार असेल आणि शेतात ढालकिड्याच्या अळ्या दिसत असतील, तर पातळीच्या आसपास असलेल्या शेतातही तीन-चार दिवस थांबून पुन्हा मोजणी करणे शहाणपणाचे. या टप्प्यावर केलेली व्यापक कीटकनाशकाची फवारणी बहुतेक वेळा जे काम आपोआप होणार होते, तेच पैसे देऊन आणि मित्रकीटक गमावून करते. विक्रेत्याच्या दुकानात हा सल्ला मिळण्याची अपेक्षा करू नये. तो विस्तार कार्यकर्त्यानेच द्यायचा आहे.

गार व ओला आठवडा मात्र पंजाब, हिमाचल व जम्मूच्या पायथ्याच्या पट्ट्यात आणखी एका धोक्याची सूचना असते. पिवळ्या तांबेऱ्याला १० ते १५ अंशांच्या आसपासचे तापमान व पानांवरील ओल मानवते. विक्षोभानंतर पाहणी करताना ओंबीबरोबर पानेही पाहावीत. पानावर बोट फिरवल्यास पिवळी भुकटी लागते, नुसत्या पिवळेपणाने लागत नाही.

उन्हाळा लवकर उतरल्यास चित्र पालटते. मार्च २०२२ मध्ये देशाचे सरासरी कमाल तापमान ३३.१० अंश नोंदले गेले. १९०१ पासूनच्या नोंदींतील तो सर्वांत उष्ण मार्च होता. अशा आठवड्यांत गव्हाचा खरा शत्रू मावा नसून दाणा भरण्याच्या वेळची उष्णता असते आणि हलके पाणी देणे हा प्रमुख उपाय ठरतो. तेथेही वाऱ्याचा आकडा पाहिल्याशिवाय पाणी सोडू नये. ओल्या जमिनीत उभा असलेला, ओंबीच्या भाराने वाकलेला गहू वादळी वाऱ्यात लोळतो. विक्षोभाच्या आदल्या दिवशी पाणी दिलेली शेते सर्वप्रथम आडवी होतात.

हरभरा : ढगाळ आठवड्याचा लाभ

मध्य प्रदेशाचा उत्तर भाग, राजस्थान व बुंदेलखंडात उशिरा पेरलेला हरभरा मार्चमध्ये घाट्यांवर असतो. घाटे अळीचा पतंग निशाचर असल्याने उबदार रात्री त्याला लाभदायक ठरतात, आणि वर सांगितल्याप्रमाणे ढगाळ रात्री उबदार असतात. अशा आठवड्यात कामगंध सापळे रोज सकाळी तपासावेत. अंडी साधारणपणे तीन ते पाच दिवसांत उबतात. ऊब जास्त तर लवकर. त्यामुळे सापळ्यातील पतंगांची संख्या सलग वाढताना दिसली, तर अळीची पाहणी आठवड्याने नव्हे, चौथ्या दिवशी करावी.

ढगाळ आठवड्याची दुसरी बाजू क्वचितच सांगितली जाते. घाटे अळीचा विषाणू, म्हणजे एचएएनपीव्ही, सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांनी निष्प्रभ होतो. म्हणून तो संध्याकाळी फवारण्याची शिफारस आहे. ढगाळ, पण पावसाचा अंदाज नसलेले दोन दिवस मिळाले, तर त्याचा प्रभाव अधिक टिकतो. बिव्हेरिया, लेकॅनिसिलियम यांसारख्या बुरशीजन्य कीटकनाशकांनाही आर्द्रता लागते. जैविक कीटकनाशके ‘चालत नाहीत’ अशी तक्रार पुष्कळदा कोरड्या, तळपत्या दिवशी सकाळी दहा वाजता केलेल्या फवारणीतून आलेली असते. अळी लहान असताना आणि अशा आठवड्यात ती वापरली, तर निष्कर्ष निराळा येतो.

आंबा व इतर प्रदेश

मलिहाबादच्या पट्ट्यात मोहोर फुटण्याचा काळ आणि पश्चिमी विक्षोभांचा उत्तरार्ध एकत्र येतात. ढगाळ, दमट दिवसांत तुडतुडे व भुरी दोन्ही वाढतात. तुडतुड्यांनी सोडलेल्या चिकट गोड द्रवावर काळी बुरशी चढते. पूर्ण उमललेल्या मोहोरावर फवारणी टाळावी, कारण आंब्याचे परागीभवन माश्यांसह अनेक कीटकांवर अवलंबून असते. निर्णय मोहोर उमलण्याआधीच्या आठवड्यातील अंदाजावर घेणे म्हणूनच श्रेयस्कर. कोकणात प्रश्न वेगळा आहे. तेथे मोहोर टप्प्याटप्प्याने येतो, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये पूर्वेकडील कोरडे वारे जोर धरून समुद्रावरील वारे उशिरा सुरू झाले की पारा अचानक चढतो. किनारी प्रदेशासाठी ३७ अंश हा उष्णतेच्या लाटेच्या निकषातील उंबरठा आहे. अशा उष्ण, कोरड्या आठवड्यात तुडतुड्यांपेक्षा फुलकिड्यांकडे आणि लहान फळांच्या गळीकडे लक्ष द्यावे. नाशिक-अहिल्यानगरच्या कांदा पट्ट्यातही कोरडी ऊब फुलकिड्यांना पोषक असते, तर एक चांगली सर त्यांची संख्या खाली आणते.

आसाम व उत्तर बंगालच्या चहामळ्यांत हेच तत्त्व लाल कोळ्याला लागू पडते : कोरडा वसंत लांबला की कोळी वाढतो, मार्चअखेरची वादळी सर आली की घटतो. कोडगूच्या कॉफीमळ्यांत बहराची सर हवीहवीशी असते. पण पावसानंतर जमिनीवर व झाडावर राहून गेलेल्या वाळक्या फळांतून कॉफी बेरी बोररचे भुंगेरे बाहेर पडतात, तेव्हा ती फळे वेचण्याचे काम अंदाजात सर दिसताच, म्हणजे ती येण्यापूर्वी, उरकावे लागते.

शेतावरचा पडताळा

पत्रिकेतील आकडे तालुक्याचे असतात, शेताचे नव्हे. सखल, ओलिताच्या शेतात पहाटेचे तापमान दोन-तीन अंशांनी कमी असू शकते. गावठाणालगतच्या शेतात ते अधिक असते. कमाल-किमान तापमापक आणि साधे पर्जन्यमापक एवढ्या दोन साधनांवर प्रगतिशील शेतकरी किंवा शेतकरी गट आपला फरक स्वतः काढू शकतो. वहीत चार रकाने पुरेत : अंदाजातील किमान, शेतावरील किमान, अंदाजातील पाऊस, प्रत्यक्ष पाऊस. एका हंगामात फरकाची दिशा लक्षात येते. शेतावरील किमान सातत्याने दोन अंशांनी कमी येत असेल, तर रोजची सरासरी एका अंशाने खाली येते आणि आठवड्याच्या बेरजेतून सात अंश-दिवस वजा होतात. वरील उदाहरणातील ७७.५ ची बेरीज ७०.५ वर येऊन पिढी दहाऐवजी सुमारे अकरा दिवसांची होईल आणि दुसरी मोजणी एक दिवस पुढे ढकलता येईल.

पाचव्या रकान्यात शेंड्यावरील माव्याची मोजणी लिहावी : शेताच्या चारही कोपऱ्यांतून व मध्यातून मिळून किमान दहा झाडे, तीही बांधावरून दिसणारी नव्हेत, आत जाऊन निवडलेली. मंगळवारच्या पत्रिकेवर केलेला हिशोब शुक्रवारपर्यंतच ग्राह्य धरावा. शुक्रवारची पत्रिका येताच उरलेल्या दिवसांचे आकडे खोडून नवे भरावेत व बेरीज पुन्हा करावी. विक्षोभ एक दिवस लवकर वा उशिरा आला, तर फवारणीचा दिवस त्याबरोबर सरकतो.